‘वय झालंय’ हे उत्तर मी घेणार नाही

वर्गात चुकीचं उत्तर आलं की मी खाली बसू देत नसे. आता तुमच्यातले बरेच जण पन्नाशीला आलेत. कुणाचा बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा शेड आहे, कुणी उद्यमबागेत सुपरवायझर आहे, कुणी व्हीटीयू विद्यापीठात नोकरीला आहे, कुणी खानापूर रोडला दुकान टाकलंय. तुम्हाला बाकावर उभं करणं आता माझ्या हातात उरलेलं नाही. कान धरणं उरलंय, आणि ते मी आज करणार आहे.

तुमच्यातल्याच एकाच्या घरी मागे जाणं झालं. त्याची आई सत्तरी ओलांडलेली. सकाळी ‘तरुण भारत’ वाचून झाल्याशिवाय ही बाई चुलीकडे वळत नसे; गावात कुणाचं काय झालं ते तिला सगळ्यात आधी ठाऊक. त्या दिवशी पेपर घडीसुद्धा न मोडता कोनाड्यात पडलेला. विचारलं तर म्हणाली, “मधोमध काळं काळं दिसतंय बाई. कडंकडंनं दिसतंय, पण अक्षर बघायला गेलं की नेमकं तेवढंच जातंय. ही दाराची चौकटपण वाकडी दिसायलीय मला.” आणि मुलगा काय म्हणाला? “वय झालंय न्हवं बाई तिचं. मोतीबिंदू असणार. पिकला की काढायचा.”

मोतीबिंदूत सगळंच दृश्य धुरकट होतं. मधलं तेवढं जाणं, कड शाबूत राहणं, सरळ रेघ नागमोडी दिसणं, हे मोतीबिंदूचं लक्षण नव्हे. हे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचं दुखणं आहे. डोळ्याची आकृती तुम्ही दहावीला बिनचूक काढलीत, दृष्टिपटलाला बाण दाखवून नाव लिहिलंत, पैकीच्या पैकी गुण घेतलेत. तोच पडदा स्वतःच्या आईच्या डोळ्यात झिजत असताना तुम्हाला ओळखू येऊ नये?

कामावर तुमची नजर किती कडक असते ते मी पाहिलंय. शाफ्टमध्ये दहा मायक्रॉनचा फरक पडला तर तुम्ही माल परत पाठवता. मायक्रोमीटर दिवसातून दहा वेळा तपासता. आणि घरात आई चहा कपाच्या बाहेर ओतते, तांदळातले खडे तिच्या हातून सुटतात, समोर उभ्या माणसाला ती आवाजावरून ओळखते, हे महिनोन्महिने चालतं आणि तुमच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं, पण ‘वय’ म्हणून तुम्ही विषय मिटवता. १ नोव्हेंबरला सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या फेरीत तुम्ही दंडाला काळी फीत बांधून मराठीसाठी चालता. मला त्याचा अभिमान आहे. पण जिनं तुम्हाला मराठी अक्षरं गिरवायला लावली, तिला तीच अक्षरं दिसेनाशी झालीत, आणि त्यासाठी तुम्ही एक पाऊल उचललेलं नाही. हे मला सहन होत नाही.

आता नीट ऐका, कारण हा धडा तुम्ही अर्धवट ऐकून पुढं ढकललाय.

पडद्याच्या मधोमध साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक पिवळसर भाग असतो. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं, नोटेवरचा आकडा बघणं, हे सगळं या एवढ्याशा जागेवर चालतं. तिथल्या प्रकाशग्राही पेशींची बाहेरची टोकं पातळ पापुद्र्यांच्या चळतीची असतात, आणि त्या पापुद्र्यांत मेद भरपूर असतो. शरीरातल्या इतर कुठल्याही भागापेक्षा तिथं डीएचए नावाचा मेद दाट असतो. डीएचए म्हणजे माशांच्या तेलात असतो तो ओमेगा-३ जातीचा मेद. या चळतीचा सुमारे दहावा हिस्सा रोज गळून पडतो आणि तेवढाच नवा घडतो. गळलेला भाग खाऊन पचवायचं काम पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या पेशींचा एकेरी थर करतो. एकेरी म्हणजे एकेरीच. या पेशी मेल्या तर बदली पेशी येत नाहीत. त्या थराच्या मागे एक पातळ अस्तर, त्याच्या मागे रक्तवाहिन्या. पोषण तिकडून येतं आणि कचरा तिकडेच जातो.

वय वाढतं तसं त्या अस्तरात मेद साचत जातो. तुमच्या मोरीच्या नळीत खरकट्याचं तेल थिजून थर बसतो आणि पाणी तुंबू लागतं, तसंच. पोषण आत येईना, घाण बाहेर जाईना. मग त्या जागी पिवळसर ठिपके दिसू लागतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. त्यात कोलेस्टेरॉल असतं, इतर मेद असतात, प्रथिनं असतात. बारीक एखाददुसरा ठिपका म्हातारपणी बहुतेकांत सापडतो, त्यानं काही बिघडत नाही. ठिपके मोठे झाले, एकमेकांत मिसळले, की मॅक्युलाच्या झिजेचा आजार सुरू झाला असं धरतात. पुढं दोन वाटा. एकीत मागच्या थराच्या पेशी हळूहळू मरत जातात आणि मधली नजर वर्षानुवर्षं विरत जाते. याला कोरडा प्रकार म्हणतात. दुसरीत मागून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून आत घुसतात, पाझरतात, रक्तस्राव होतो, आणि नजर काही आठवड्यांत, कधी काही दिवसांत जाते. हा ओला प्रकार. सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर हा ओला प्रकार असण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे ज्या तक्रारीवर त्या माऊलीला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायला हवं होतं, त्या तक्रारीवर तुम्ही ‘पिकू दे’ म्हणालात.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकते. कढईतलं तेल जसंच्या तसं जाऊन पडद्यावर बसतं असं नाही. अस्तरात साचणारा बराचसा मेद पडद्याच्या पेशी स्वतःच बाहेर टाकतात. पण त्या पेशींना कच्चा माल कुठला मिळतो, त्यांच्या मागच्या रक्तवाहिन्या कशा राहतात, गंज लागू न देणारी द्रव्यं त्यांच्यापर्यंत किती पोहोचतात, याचा मोठा भाग तुमच्या ताटातून ठरतो. आणि तो साठीला ठरत नाही. तिशी-चाळिशीपासून ठरत येतो. म्हणून हे बोलणं आईइतकंच तुमच्यासाठी आहे.

“हा गोऱ्या लोकांचा आजार हाय,” असं तुमच्यातला एक शिकलेला म्हणाला. शिकलेल्यानं अर्धी माहिती घेऊन फिरणं मला अडाणीपणापेक्षा जास्त खटकतं. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं २००६ ते २००८ या काळात तिथल्या आठ खेड्यांत ४,७११ माणसांचे डोळे तपासले. त्यात या आजाराची प्रगत अवस्था फार थोड्यांत सापडली, हे खरं. पण त्या पाहणीत तिशीपासूनची माणसं होती, आणि हा आजार मुख्यतः साठीनंतरचा. उत्तर आणि दक्षिण भारतात फक्त साठीपुढच्यांची जी पाहणी झाली, तिच्यात सुरुवातीची लक्षणं पाश्चात्त्य देशांच्या मानानं फारशी कमी नव्हती. आपली बरीच माणसं पूर्वी साठी गाठत नव्हती. आता ऐंशी गाठतात. आजार आपल्या दारात आयुष्याबरोबर आलाय.

आता स्वयंपाकघरात चला. आणि पुरुषांनो, इथं पाय काढता घेऊ नका; तेलाचा डबा दुकानातून तुम्हीच उचलून आणता.

हिशेब मांडा. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला वरून घातलेलं तेल-तूप २० ते २५ ग्रॅम पुरतं, असं आपल्याच देशातली राष्ट्रीय पोषण संस्था सांगत आलीय. चार माणसांच्या घराला महिन्याला जेमतेम तीन किलो. म्हणजे १५ किलोचा डबा पाच महिने पुरायला हवा. तुमच्या घरी तो किती दिवसांत संपतो ते स्वतःला विचारा आणि उत्तर वहीत लिहा. “पाहुणे येतात बाई” हे कारण मला सांगू नका.

तेल किती यापेक्षा कुठलं, हा प्रश्न डोळ्यांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आहे. बोस्टनच्या जोहाना सेडन यांनी आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नाला दिला. २००१ साली त्यांच्या गटाला दिसलं की ओमेगा-३ चा फायदा मिळतो तो, ज्यांच्या आहारात लिनोलेइक आम्ल कमी आहे त्यांना. लिनोलेइक आम्ल सूर्यफूल, सोयाबीन, मका, करडई यांच्या तेलात भरपूर असतं. म्हणजे ‘हलकं तेल’ म्हणून सूर्यफुलाच्या दोन पळ्या जास्त ओतायच्या आणि रविवारी बांगडा खाल्ला म्हणून समाधान मानायचं, हे चालत नाही. २००३ साली त्यांनी साठीपुढच्या २६१ जणांचा अभ्यास मांडला. या सगळ्यांना आजार आधीच थोडाबहुत होता. तो कुणाचा वाढतो आणि कुणाचा थांबतो ते पाहायचं होतं. ज्यांच्या खाण्यात बेकरीचे तयार पदार्थ जास्त, त्यांचा आजार सुमारे दुप्पट वेगानं पुढं गेला. ज्यांच्या खाण्यात सुकामेवा, दाणे होते, त्यांचा कमी.

बेकरीचे पदार्थ म्हणजे काय हे तुम्हाला समजवायला नको. सकाळी चहात खारी, दुपारी बटर, संध्याकाळी टोस्ट, मुलाच्या डब्यात क्रीमचं बिस्किट. आईला दात नाहीत म्हणून तिच्या ताटलीत चहात बुडवलेली खारी. तुम्ही तिला मऊ म्हणून प्रेमानं देता, त्यात मला शंका नाही. पण खारीचे ते पापुद्रे सुटतात ते थिजलेल्या वनस्पती तुपावर. १९३७ साली डालडा बाजारात आला तेव्हापासून आपण ते तूप म्हणून खात आलो. तेलाला घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतो, आणि तो रक्तवाहिन्यांचा शत्रू आहे, याबद्दल आता कुणाचंच दुमत नाही. आपल्या सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ च्या जानेवारीपासून तेलातुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर असता कामा नये असा नियम केला. पाकिटावर आकडा छापलेला असतो. वाचता येणाऱ्यांनी वाचावा. सुट्या खारीला पाकीट नसतं, हेही ध्यानात ठेवावं.

आणि तो गाडा. संध्याकाळी शिफ्ट सुटली की गोबी मंचुरीच्या गाड्याभोवती तुमचीच पोरं उभी असतात, शेजारी तुम्ही मिरची भजीची पुडी घेऊन. तेल काळं पडलेलं, त्याला फेस आलेला, वास बदललेला, आणि त्यातच पुढचा घाणा पडतो. तळणाच्या तेलातले खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. गाड्यावर कोण मोजतंय? तुम्ही मोजा. यंत्र लागत नाही. तेल काळं दिसलं, धूर कमी आचेवर येऊ लागला, की पाय मागं घ्या. आणि घरच्या कढईत उरलेलं तळणाचं तेल तुम्ही बरणीत भरून फोडणीला संपवता, तेही बंद करा. काटकसर म्हणून करता, मला माहीत आहे. मी तुमच्या आयांच्या पिढीची. पण डोळ्यांची किंमत देऊन केलेली काटकसर मी मान्य करणार नाही.

मग आता उलटं टोक गाठू नका. गावात दोघंतिघं असे आहेत ज्यांनी तेल बंदच केलंय. उकडलेल्या भाज्या खातात आणि त्याचा अभिमान मिरवतात. त्यांनाही माझं बोलणं आहे. मॅक्युलाचा पिवळा रंग ज्या द्रव्यांनी येतो ती ल्युटीन आणि झिॲक्सँथिन. शरीर ती बनवू शकत नाही. ती पालेभाजीतून, मक्यातून, अंड्याच्या पिवळ्या बलकातून येतात, आणि ती मेदात विरघळणारी आहेत. बिनतेलाच्या पालेभाजीतून ती पुरेशी अंगी लागत नाहीत. चमचाभर शेंगतेलाची फोडणी, वरून दाण्याचं कूट, हे आपल्या आज्यांनी शास्त्र न शिकता बरोबर केलेलं आहे. तेवढंच करा, त्याच्या चौपट करू नका.

पालेभाजीचं नाव काढलं की मला राग आवरत नाही. बेळगावच्या मळ्यांतून रोज भाजीचे टेम्पो गोव्याला जातात. अख्ख्या गोव्याचं ताट आपल्या शिवारावर चालतं. मेथी, शेपू, पालक, चाकवत, राजगिरा, पोकळा, तांबडा माठ, काय पिकत नाही इथं? आणि पिकवणाऱ्याच्या घरी आठवड्यातून किती दिवस पालेभाजी? विकून उरली तर. मुलं खात नाहीत म्हणून बटाटा. म्हातारीला निवडायला दिसत नाही म्हणून तीही बंद. दिसत नाही म्हणून पालेभाजी नाही, आणि पालेभाजी नाही म्हणून उरलेलं दिसणंही धोक्यात. अरे, जुडी घेऊन तुम्ही बसा निवडायला! टीव्हीसमोर बसूनच निवडा, माझी हरकत नाही. ज्या जमिनीसाठी हलगा-मच्छे बायपासला इतकी वर्षं विरोध केलात, त्या जमिनीची भाजी स्वतःच्या आईच्या ताटात पडू द्या.

माशांचं सांगते. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागात दहा वर्षं माणसांचा पाठपुरावा केला गेला. आठवड्यातून एकदा मासे खाणाऱ्यांत या आजाराची सुरुवात सुमारे ३१ टक्के कमी, आठवड्यातून एकदोनदा सुकामेवा खाणाऱ्यांत ३५ टक्के कमी आढळली. आपल्याला सालमन शोधत फिरायची गरज नाही. कारवार-गोव्याचा बांगडा आणि तारली बेळगावच्या बाजारात येते, आणि पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त मिळते. ओमेगा-३ याच तेलकट माशांत जास्त. तुम्ही काय करता? पाहुण्यांसाठी महागडी सुरमई आणता, रव्यात घोळून तेलात बुडवून तळता. बांगड्याची आंबट-तिखट आमटी करा, तव्यावर चमचाभर तेलात भाजा.

माळकरी घरांना मी मासे खा म्हणणार नाही. त्यांच्यासाठी जवस आहे. जवसातला ओमेगा-३ वेगळ्या जातीचा, शरीर त्यातला थोडाच भाग डीएचएत बदलू शकतं, म्हणून जवस म्हणजे मासे नव्हेत. तरी भाकरीबरोबर रोज चमचा-दोन चमचे जवसाची चटणी असणं हे काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. हलकं भाजा आणि कुटा. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. पूर्वी प्रत्येक घरात जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी बरणीत असे. आता त्या जागी सॉसची बाटली दिसते.

आता कॅप्सूलवाल्यांकडे वळते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तुमच्यातले हेच करतात. मोबाइलवर काहीतरी आलं, ‘डोळ्यांसाठी ओमेगा-३’, की महिन्याला हजार रुपये मोजून डबी आणायची, आणि खारी तशीच, बिडी तशीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनं हे तपासून पाहिलंय. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबं यांच्या ठरावीक मिश्रणानं मध्यम टप्प्यावरच्या रुग्णांत आजार प्रगत होण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. मग दुसरी चाचणी केली, ४,२०३ लोकांवर, त्या मिश्रणात ओमेगा-३ ची भर घालून. २०१३ मध्ये निकाल आला: ओमेगा-३ च्या गोळ्यांनी जास्तीचा काही फायदा झाला नाही. पुढं २५,८७१ निरोगी लोकांवर पाच वर्षांहून अधिक चाललेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीचा डोळ्यांबद्दलचा निकाल २०२० मध्ये आला. तिथंही कॅप्सूलनं आजार टळला नाही.

मग मासे खाणाऱ्यांत आजार कमी का दिसला? एक शक्यता अशी, की मासे खाणारा त्या वेळी दुसरं काही खात नाही. तळलेलं मटण नाही, वडा नाही. त्याचं सगळं ताटच वेगळं असतं, आणि ते वर्षानुवर्षं तसं असतं. कॅप्सूल घेणारा आपलं ताट तेच ठेवतो. हा फरक समजून घ्या. ताटावर इतकं बोलून झाल्यावर गोळीची पळवाट मी तुम्हाला काढू देणार नाही.

आणि त्यात एक धोका आहे तो प्रत्येकानं ऐकावा. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं घ्यायच्या नाहीत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ चा निकाल असा की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. म्हणून आता डोळ्यांच्या मिश्रणात त्याच्या जागी ल्युटीन घालतात. औषधांच्या दुकानातून डबी उचलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. हे मिश्रणसुद्धा मध्यम टप्प्यावरच्या रुग्णांसाठी आहे. धडधाकट माणसानं ‘असू दे’ म्हणून खाण्यासाठी नाही.

बिडीचं नाव आलंच. आपण निपाणीच्या शेजारी राहतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी रस्ता धरला, तेव्हा आपल्या घरांतूनही लोक गेले होते. त्या शेतकऱ्यांच्या घामाला आणि बिडी वळणाऱ्या बायांच्या हातांना मी नावं ठेवणार नाही. पण ओढणाऱ्याला ठेवीन. या आजाराच्या जितक्या कारणांवर आपला ताबा आहे, त्यात धूम्रपान सगळ्यात वरचं. ओढणाऱ्याला धोका दुपटीहून जास्त, काही पाहण्यांत चौपटीपर्यंत. आजोबा आयुष्यभर ओढत आले म्हणून आता काय सोडायचं, हे चूक. सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो. आणि तुम्ही घरात, म्हातारीच्या खाटेशेजारी बसून ओढता. बाहेर व्हा.

उपचारांबद्दल थोडक्यात. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. २००६ च्या सुमारास ती आली तेव्हापासून चित्रच बदललं. त्याआधी बहुतेकांची मधली नजर जायचीच. ती एकदा देऊन भागत नाहीत, पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि जितकं लवकर सुरू कराल तितकी नजर वाचते. एकदा तिथं व्रण धरला की मग इंजेक्शनचाही उपयोग नाही. कोरड्या प्रकारावर अमेरिकेत २०२३ मध्ये औषधं मंजूर झाली, तीसुद्धा झीज फक्त मंदावतात. पेशी मरून किंवा व्रण धरून गेलेली नजर कुणी परत देत नाही, जवस नाही, बांगडा नाही, डॉक्टरही नाही. कुणी देतो म्हणालं तर त्याच्याकडे पैसे देऊ नका.

मोतीबिंदूच्या शिबिरात नेलं होतं, असं तुम्ही म्हणाल. शिबिरं चांगलीच असतात. पण तिथं मुख्यतः मोतीबिंदू बघतात. कित्येक घरांत ऑपरेशन नीट होतं, भिंग बसतं, आणि तरी म्हातारीला वाचता येत नाही, कारण मागचा पडदा आधीच गेलेला असतो. मग घरचे डॉक्टरला शिव्या देतात. पडदा बघायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून बघावं लागतं. ते वेगळं सांगून करून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी, न चुकता. त्या पडद्याची गोष्ट निराळी आहे, पण तपासणी तीच.

दवाखान्यातला कागद कन्नडात किंवा इंग्रजीत असतो. तुमच्या आईला तो वाचता येत नाही, आणि आता तर मराठीही वाचता येत नाही. तुम्हाला तिन्ही भाषा येतात. कागद हातात घेऊन तिला मोठ्यानं वाचून दाखवा, मराठीत समजावून सांगा, डॉक्टर काय म्हणाले ते तिच्यापासून लपवू नका. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत ती तुमच्या कपाळावरच्या आठीला भिऊन. एका दिवसाची रजा पडेल, गाडीभाडं जाईल, हे ती मनात मोजत असते.

गृहपाठ देते. मुलाची गणिताची चौकटीची वही घ्या, पानाच्या मधोमध ठळक टिंब काढा. आईला चष्मा लावायला सांगा, वाचायला धरतो तितक्या अंतरावर वही धरा, एक डोळा झाकून दुसऱ्यानं टिंबाकडं बघायला सांगा. मग दुसरा डोळा. एका वेळी एकच, कारण चांगला डोळा वाईट डोळ्याचं दुखणं झाकून ठेवतो. रेघा वाकड्या दिसतात का, चौकटी गायब होतात का, काळा डाग येतो का, विचारा. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांची ही रीत जगभरचे डॉक्टर आजही वापरतात. काही वेगळं दिसलं तर पुढच्या महिन्यात नाही, पगार झाल्यावर नाही, गणपती उरकल्यावर नाही. त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे. काही दिसलं नाही तरी साठी उलटलेल्या प्रत्येकाचा पडदा एकदा तपासून घ्या. घरात आधी कुणाला हा आजार झालेला असेल तर पन्नाशीलाच.

वही फिरवताना तुमचीही पाळी घ्या. पन्नाशी तुमचीही आलीय, खारी तुम्हीही खाता. आणि रविवारपर्यंत हे झालं की नाही ते मला फोन करून सांगायचं. ‘वेळ मिळाला नाही बाई’ हे उत्तर मी शाळेत घेतलं नाही, आताही घेणार नाही.